बंदर घेतलं, कप राहिले

मी एका देशावर चाल करून गेले त्या दिवशी दुसरा शनिवार होता. बँकेला सुट्टी होती, नाहीतर जमलंच नसतं.

लेकीच्या शाळेत दरवर्षी मुलं निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी होतात, कोट-टाय घालतात आणि अर्ध्या दिवसात जगाचे प्रश्न सोडवून दुपारी घरी येतात. आदल्या वर्षी त्यात खऱ्या देशांची नावं होती आणि त्यातल्या एका खऱ्या देशावरून दोन खऱ्या वडिलांची पार्किंगमध्ये चांगलीच जुंपली. म्हणून यंदा नागरिकशास्त्राच्या मॅडमनी दोन बदल केले. एक, देश सगळे काल्पनिक. दोन, देश चालवायचे पालकांनी, आणि मुलं न्यायालयात बसून पालकांचा न्याय करणार. ही सूचना पालकांच्या ग्रुपवर आली तेव्हा सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. नीट वाचली कोणीच नसावी.

खरं म्हणजे जायचं नवऱ्याला होतं. टीव्हीवर युद्धाचे नकाशे आले की तो खुर्ची पुढे ओढून बसतो आणि कुठल्या देशाने काय करायला हवं होतं ते मला पोळ्या लाटताना सांगतो. पण ऐनवेळी कंपनीने त्याला कानपूरला पाठवलं आणि इंदिरा नगरहून निघाले ती मी. मी बँकेत तक्रारींच्या टेबलावर बसते. दिवसभर "हाँ जी, देखते हैं" म्हणायचं, एवढीच माझी परराष्ट्रनीती.

"मम्मी, प्लीज़ वहाँ ज़्यादा मत बोलना," रिक्षात लेक म्हणाली. ती नववीत आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण इथे उत्तरेतच वाढलेली, त्यामुळे उत्तर मात्र हिंदीत येतं.

"मी कशाला बोलतेय," मी म्हटलं. आणि हे मी अगदी मनापासून म्हटलं होतं.

जानेवारीतलं धुकं अजून उतरलं नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये सगळे शाली-मफलर गुंडाळून बसले होते. चिठ्ठ्या काढल्या. माझ्या चिठ्ठीत निघालं, राष्ट्रपती, गिरिदेश. गिरिदेश म्हणजे डोंगरातला देश. फौज मोठी, समुद्र नाही. लष्करप्रमुख म्हणून माझ्या वाट्याला आले महानगर नावाच्या वस्तीत राहणारे एक निवृत्त कर्नल, मूळचे साताऱ्याचे. त्यांची नात माझ्या मुलीच्या वर्गात आहे. गणपतीत मराठी मंडळींच्या आरतीला आमची दरवर्षी भेट व्हायची, त्यामुळे मी त्यांना काका म्हणायचे आणि ते मला ताई. परराष्ट्रमंत्री निघाले चौक बाजारातले एक चिकनकारीच्या कपड्यांचे व्यापारी. गोरे, गोल, हळू बोलणारे. त्यांनी खुर्चीत बसण्याआधी आम्हा दोघांच्या खुर्च्या झटकून दिल्या.

समोरच्या टेबलावर सागरदेश. छोटा देश, फौज नावापुरती, पण जगातलं एकुलतं एक बंदर त्यांच्याकडे. आणि त्या देशाच्या राष्ट्रपती कोण, तर माझी दातांची डॉक्टर! माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल तिच्याकडे अर्धवट चालू होतं. दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलेलं होतं.

तिने मला पाहून हात हलवला. "बुधवार को आ रही हैं न आप?"

"हाँ जी," मी म्हटलं. राष्ट्रपती झाल्यावरचं माझं हे पहिलं अधिकृत वाक्य.

तिसरा देश मैदानदेश. तो चालवत होते एक आजी-आजोबा. आजी विणत होत्या, आजोबा उन्हाची तिरीप कुठून येते का ते बघत होते.

मॅडमनी खेळ मोठ्या हुशारीने रचला होता. प्रत्येक देशाला एकच गोष्ट दिलेली. सागरदेशाकडे चहाची मोठी किटली, मैदानदेशाकडे कप, आमच्याकडे समोसे. देवघेव करा, खा-प्या. प्रत्येक टेबलावर नियमांचा एक कागद होता. त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं, दुसऱ्याच्या भूमीवर बळ वापरायचं नाही. अपवाद दोनच. स्वतःवर सशस्त्र हल्ला झाला तर बचावासाठी, किंवा सगळ्या देशांच्या सभेने परवानगी दिली तर. हल्ला करायचाच झाला तर राष्ट्रपतीचा लेखी हुकूम हवा.

मग पहिलं पाकीट आलं. गिरिदेशाची एक बोट सागरदेशाने कागदपत्रं अपुरी म्हणून बंदरात अडवली होती. बोटीवर अकरा खलाशी. हे खलाशी खरोखरच होते, बरं का. साडेनऊनंतर उशिरा पोचलेल्या अकरा वडिलांना मॅडमनी खलाशी ठरवून लायब्ररीत कोंडलं होतं.

"सोडवायला हवेत," मी म्हटलं.

"बात करके देखता हूँ," परराष्ट्रमंत्री म्हणाले आणि चार समोसे कागदात गुंडाळून सागरदेशाकडे गेले. तिकडे त्यांना खुर्ची मिळाली. मग त्यांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी झाली. मग त्यांनी फोनवर लेहंग्याचे फोटो दाखवले. वीस मिनिटं झाली, आमच्या बोटीचं नावही कोणी काढेना. आमच्या टेबलावर थंडी वाजत होती, आणि समोर सागरदेशाच्या किटलीतून आल्याच्या चहाची वाफ येत होती.

आणि मला काहीतरी झालं.

मला नीट सांगता येत नाही काय झालं ते. अठरा वर्षं मी काउंटरच्या अलीकडे बसून लोकांचं ऐकून घेतलंय. इथे माझ्यासमोर नकाशा होता, त्यावर आमच्या फौजेचे वीस झेंडे होते, त्यांचे चार. पाठीशी खरा कर्नल होता. आणि माझी माणसं अडकली होती. मी उभी राहिले. मला आठवतंय, मी टेबलावर हातही आपटला.

"काका, बंदर घ्यायचं."

तेवढ्यात परराष्ट्रमंत्री परतले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग छताकडे. "बंदर? कहाँ है बंदर? समोसे ढक दीजिए!"

त्यांना आम्ही माकड पाहिल्यासारखं वाटलं होतं. शाळेच्या आवारात माकडं असतातच, त्यांचीही चूक नाही. बंदर म्हणजे बंदरगाह हे त्यांना समजावताना मला हसू आवरेना, कर्नलांना आवरेना. पण बंदरगाह म्हणजे काय ते कळल्यावर ते मात्र हसले नाहीत. "मोहतरमा, दस मिनट और दीजिए," ते म्हणाले, "अभी तो बात गरम हो रही है।"

"बात नाही, चहा गरम आहे," मी मराठीतच म्हटलं.

कर्नल माझ्याकडे वळले. आता ते मला ताई म्हणाले नाहीत. "मॅडम, लेखी द्या."

बँकेतल्या माणसाला लेखी देण्याची भीती नसते. मी कागद ओढला.

"किती माणसं जातील, तेही लिहा."

"जातील म्हणजे?"

"आपली. मरतील. अंदाज लिहावा लागतो."

"काका, खेळातलीच ना?"

"खेळातलीच. तरी आकडा लिहा."

मी बावीस लिहिलं. का बावीस, ते मला आजही माहीत नाही. पंचवीस जास्त वाटले आणि वीस लिहिलं तर खोटं वाटेल असं वाटलं. खाली सही ठोकली, तारीख घातली, सवयीने सहीखाली दोन रेघाही मारल्या.

कर्नलांनी हुकूम वाचला, घडी करून खिशात घातला आणि उठून नकाशावर झेंडे असे काही भराभर सरकवले की मिनिटभरात बंदराला वेढा पडला. सागरदेशाने चार झेंडे उचलले आणि ठेवून दिले. नियमाप्रमाणे किटली आमच्या टेबलावर आली. मी टाळ्या वाजवल्या. पालकांमधून कोणीतरी शिट्टी मारली. मी खुर्चीवर चढले होते असं लेक सांगते. मला तसं आठवत नाही, पण मी नाकारणारही नाही.

समोरून डॉक्टर माझ्याकडे बघत होती. अगदी गोड हसून ती म्हणाली, "मैडम, बुधवार को साढ़े ग्यारह बजे। भूलिएगा नहीं।"

माझ्या दाढेतून एक बारीक कळ गेली. शपथेवर सांगते.

"ओता चहा," मी म्हटलं. आणि मग लक्षात आलं की कप नाहीत.

कप मैदानदेशाकडे. मी स्वतः गेले. राष्ट्रपतीने राष्ट्रपतीकडे जावं तशी, शाल सावरत. आजींनी विणकाम खाली ठेवलं आणि कपांची पिशवी मांडीवर घेतली.

"बेटा, जिसने किटली छीनी, उसे हम कप नहीं देते।"

"पर हमने आपका क्या बिगाड़ा?"

"आज उनकी किटली, कल हमारे कप," आजोबा म्हणाले आणि पुन्हा उन्हाकडे तोंड केलं.

परत आले तर आमच्या टेबलावर हे असं दृश्य. गरम चहाने भरलेली किटली, समोशांची परात आणि तीन माणसं. मी समोशाच्या ताटलीत चहा ओतून बघितला. तो ओघळून नकाशावर गेला आणि आमची राजधानी भिजली. इकडे सागरदेश आणि मैदानदेश आता एकमेकांशेजारी खुर्च्या टाकून बसले होते आणि आमचे समोसे कोणी घेईना. परराष्ट्रमंत्री रुमालाने राजधानी टिपत होते.

तेवढ्यात मॅडम दुसरं पाकीट घेऊन आल्या. त्यांनी माझा हुकूम मागून घेतला, आकडा पाहिला आणि एका डब्यातून मोजून बावीस चिठ्ठ्या माझ्यासमोर ठेवल्या. प्रत्येक चिठ्ठीवर मेलेल्या एकेकाबद्दल एक ओळ. मी पहिली उघडली. "खानसामा. छुट्टी मंज़ूर हो चुकी थी." दुसरी. "ड्राइवर. दो बेटियाँ." तिसरी. "क्लर्क. पहली पोस्टिंग."

मी चौथी उघडली नाही. माझी पहिली पोस्टिंग क्लार्कचीच होती. डबा, पाण्याची बाटली आणि बाबांनी स्टँडवर घेऊन दिलेलं पेन, एवढं घेऊन मी गेले होते.

कर्नलांनी सगळ्या चिठ्ठ्या उचलल्या, कडा जुळवल्या, न वाचता शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि खिशाचं बटण लावलं. "चला, मॅडम," ते हळूच म्हणाले, "कोर्टाचं बोलावणं आलंय."

न्यायालयात तीन न्यायाधीश होते आणि मधल्या खुर्चीवर माझी लेक. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. डॉक्टरने लगेच हरकत घेतली, की जज साहिबा तर आरोपीच्या कन्या आहेत. लेक म्हणाली, हरकत असेल तर ती उठेल. मी मध्येच म्हटलं, "बसू दे, बसू दे, मला चालेल." मला वाटलं, घरचं माणूस आहे, थोडं सांभाळून घेईल. इतकी मी भोळी.

"गिरिदेश बताए," लेक म्हणाली, "आप पर हमला हुआ था?"

"आमचे अकरा खलाशी पकडले."

"हथियार से?"

"कागदपत्रांवरून."

"तो वो हमला नहीं था, वो पेपरवर्क था।" तिने वहीत काहीतरी खूण केली. "सभा से इजाज़त ली?"

"वेळ नव्हता."

"दस मिनट नहीं थे? आपके मंत्री ने माँगे थे। लिखा है।" सकाळपासून टेबलांमधून फिरत सगळं लिहून घेणारी मुलगी कर्नलांची नात होती, तिने वही उंच धरून दाखवली. "और ग्यारह लोगों के लिए आपने बाईस गँवाए?"

बँकेत मी रोज लोकांना नियम क्रमांक सांगते, तेव्हा त्यांचे चेहरे कसे होतात ते मला त्या दिवशी आतून कळलं.

तिघांनी डोकी जवळ आणून कुजबुज केली. निकाल असा लागला. बोट अडवणं चूक, सागरदेशाने खलाशी सोडावेत. हल्ला त्याहून मोठी चूक, गिरिदेशाने जेवणाच्या सुट्टीआधी बंदर आणि किटली परत करावी.

आणि इथेही मी गप्प बसले नाही! अंगातली राष्ट्रपती उतरायला तयारच नव्हती. मी म्हटलं, "आणि नाही ऐकलं तर? कोर्टाकडे फौज आहे?"

लेकीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नहीं है। पर मम्मी, घर तो आपको हमारे साथ ही जाना है।"

हॉलमध्ये हशा फुटला नुसता. डॉक्टर तर टेबलावर डोकं टेकून हसत होती. मी पण हसले. पोट दुखेपर्यंत हसले, आणि हसता हसताच म्हटलं, ठीक आहे, घ्या तुमचं बंदर.

पण परत देणं हे घेण्याइतकं सोपं नसतं. सागरदेश म्हणाला आधी माफी. मी म्हटलं माफी नाही, अफसोस. डॉक्टर म्हणाली अफसोस तर पाऊस पडला तरी होतो. आधी किटली की आधी खलाशी यावरही अडलं. दोन्ही राष्ट्रपती जागच्या हलेनात. तेव्हा आमचे परराष्ट्रमंत्री खुर्ची घेऊन बरोब्बर दोन टेबलांच्या मध्ये बसले. दुकानात दोन जावा एकाच साडीवर अडून बसल्या की ते जसे बसत असतील, तसेच.

"देखिए," ते म्हणाले, "लफ़्ज़ ऐसा हो जो आप दोनों अपने-अपने घर ले जाकर दिखा सकें।"

सकाळची ती वीस मिनिटं आता कामाला आली. लग्न, लेहंगा, चार समोसे, सगळं. डॉक्टर त्यांचं ऐकत होती, माझं नव्हती ऐकत. त्यांनी सहा वाक्यं सुचवली. पाच तिने खोडली, त्यातली तीन मीही. शेवटी उरलं ते असं, "जो हुआ, वह न होता तो बेहतर था।" कोणी केलं, ते त्यात नव्हतं. मी वाचलं, मला मी जिंकल्यासारखं वाटलं. डॉक्टरने वाचलं, तिचाही चेहरा तसाच झाला. आधी कोण, याचाही तोडगा निघाला. कर्नलांनी किटली उचलली, तिकडून सागरदेशाच्या सेनापतींनी लायब्ररीची किल्ली उचलली, आणि दोघं एकाच वेळी, पावलाला पाऊल मिळवत हॉलच्या मधोमध आले. कर्नलांनी कडक सलाम ठोकला. समोरचे सेनापती एरवी होमिओपॅथीच्या गोळ्या देतात, त्यांनीही घाबरून ठोकला.

मग आम्ही सगळे मिळून खलाशांना सोडवायला गेलो. दार उघडलं, तर अकराही जण एका मोबाइलभोवती खुर्च्या लावून क्रिकेट बघत होते. मी म्हटलं, आप आज़ाद हैं. कोणी मान वर केली नाही. एक जण हाताने थांबा थांबा अशी खूण करत म्हणाला, "मैडम, दो ओवर बचे हैं।" ज्यांच्यासाठी मी एवढं सगळं केलं, ते दोन षटकं संपल्यावरच बाहेर आले, आणि आल्या आल्या विचारलं, चाय कहाँ है?

चहा सगळ्यांना मिळाला. आजींनी स्वतः कप वाटले, मला सगळ्यात शेवटी. मी माझा समोसा दुसऱ्या बाजूने चावत खाल्ला, तेव्हा डॉक्टर जवळ येऊन कुजबुजली, "डरिए मत, सुन्न करके ही करूँगी।" आणि सर्वोत्तम देशाचं बक्षीस मैदानदेशाला गेलं. आजोबांना बक्षीस घ्यायला उठवावं लागलं.

परत येताना कर्नलांनी आम्हाला त्यांच्या गाडीतून सोडायचं म्हटलं. नात पुढे, आम्ही मायलेकी मागे. धुकं उतरून ऊन पडलं होतं, रस्त्यावर पेरूच्या गाड्या लागल्या होत्या. मी न राहवून विचारलं, "काका, तुम्ही खरंच सीमेवर असं बोलणीबिलणी केलीत कधी?"

"केली की. एका म्हशीसाठी."

"म्हशीसाठी?"

"आपल्या बाजूच्या गावातली म्हैस चरत चरत पलीकडे गेली. पलीकडच्यांनी बांधून ठेवली. आता माणूस आणायला जाऊ शकत नाही, फौज पाठवू शकत नाही. मग झेंडे लावून बैठक. टेबल, खुर्च्या, मिठाई. त्यांचा अधिकारी तरणाबांड, मीही तेव्हा तसाच. म्हशीचं वर्णन लिहायचं होतं. रंग काळा, आम्ही लिहिलं. ते म्हणाले, आमच्याकडे आहे ती पण काळीच आहे, कशावरून तुमची? दोन तास! शेवटी गावातली म्हातारी रेघेजवळ उभी केली, तिने हाक मारली, आणि म्हैस बैठक मोडून चालत आली. आम्ही दोघांनी उभं राहून पावती लिहिली. एक म्हैस, जिवंत, मिळाली."

"आणि म्हातारी काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मुडद्यांनी दूध काढून घेतलंय."

लेक मागून पुढे वाकली. "आजोबा, तो आपने दूध की कंप्लेंट की?"

"केली," कर्नल म्हणाले. "लेखी. पुढच्या बैठकीला त्यांनी मिठाई जास्त आणली. पेढे होते. म्हणाले, तुमच्याच म्हशीचे."

हे सांगताना ते स्वतःच इतके हसायला लागले की चष्मा काढावा लागला, आणि चष्मा काढल्यावर रस्ता दिसेना. त्यांनी कपूरथला चौकाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. मागून हॉर्न वाजत होते. एक पेरूवाला काचेतून डोकावून गेला. आम्ही चौघं इंडिकेटर लावून तिथेच बसलो होतो. एकाचं हसू थांबलं की दुसऱ्याचं सुरू व्हायचं, आणि नात मध्येच हळूच म्हणायची, "एक म्हैस, जिवंत," की पुन्हा सगळे सुरू.